रिप्रेसर असूनही जनुक गळतं का? आणि एका पॉलिमरेजभोवती इतकी प्रथिनं कशाला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला की नाही हे तुम्हाला पडताळता येईल. पेशीत शेकडो प्रती होणाऱ्या एका प्लास्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या छोट्या गोल डीएनएवर), लॅक प्रमोटरच्या, म्हणजे जिथून जनुक वाचायला सुरुवात होते त्या जागेच्या, पुढे, तुम्ही तुमचं जनुक बसवलं. आयपीटीजी (जनुक चालू करणारं, लॅक्टोजसारखं रसायन) न घालताही जेलवर तुमच्या प्रथिनाचा पट्टा दिसतो. माध्यमात ग्लुकोज घातलं की तो फिका होतो, पण पुरता जात नाही. वर्गात शिकवलं होतं की रिप्रेसर (जनुक दाबणारं प्रथिन) ऑपरेटरवर (प्रमोटरजवळच्या डीएनएतल्या त्याच्या जागेवर) बसला की जनुक बंद, आयपीटीजीने तो उठला की चालू. उत्तर शोधायला गेलात तर सीआरपी, एच-एनएस, डीकेएसए, नसजी, रो अशी नावांची रांगच लागली. त्यातली काही प्रथिनं तर डीएनएला हातही लावत नाहीत. मग ही सगळी मिळून एका जनुकाचं नियंत्रण करतात तरी कशी, आणि या गळतीचं काय करायचं?

दिसायला हे दोन प्रश्न आहेत, पण दोन्हींच्या मुळाशी अडचण एकच आहे. ‘रिप्रेसर’, ‘ॲक्टिव्हेटर’ ही नावं त्या प्रथिनाचा स्वभाव सांगतात असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती नावं कुठल्या तरी एका प्रमोटरवर दिसलेला परिणाम तेवढा सांगतात. जिवाणूंमधलं ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे डीएनएवरून आरएनए लिहिणं, हेच माझं वीसएक वर्षांचं काम आहे. नवं नियामक प्रथिन समोर आलं की मी आधी दोन गोष्टी विचारते. पॉलिमरेजच्या, म्हणजे हा आरएनए लिहिणाऱ्या यंत्राच्या, प्रवासात ते नेमकं कुठे हात घालतं? आणि पेशीत त्याचे रेणू किती आहेत, त्यांनी सांभाळायच्या जागा किती आहेत? तुमच्या गळतीचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आहे आणि नावांच्या रांगेचं पहिल्यात. तुमचं काम गळतीपाशी अडलंय, म्हणून तिथूनच सुरू करते.

इ. कोलाय या जिवाणूच्या पेशीचं आकारमान साधारण एक फेम्टोलिटर असतं. एवढ्याशा जागेत कुठल्याही रेणूची एकच प्रत असली तरी तिची संहती १.६ नॅनोमोलरच्या आसपास भरते. हा आकडा लक्षात ठेवा, पुष्कळ कोडी त्यानेच सुटतात. साध्या इ. कोलायमध्ये लॅक रिप्रेसरची चतुष्कं, म्हणजे चार-चार साखळ्यांचे पुरे रेणू, साधारण दहाच असतात. गुणसूत्रावर लॅक ओपेरॉन, म्हणजे एकाच प्रमोटरवरून चालणारा लॅक जनुकांचा गट, एक. वेगाने वाढणाऱ्या पेशीत फार तर त्याच्या दोन-चार प्रती होतात. तिथे दहा रेणू पुरून उरतात. आता तुमच्या प्लास्मिडच्या २०० प्रती धरा. प्रत्येक चतुष्काला ऑपरेटर धरायला दोन हात असतात. दहाही चतुष्कांनी आपले दोन्ही हात लावले तरी २० ऑपरेटर झाकले जातील आणि १८० उघडे राहतील. तुमच्या पेशीत रिप्रेसर आहे आणि तो आपलं काम चोख करतोय, पण त्याच्यावर झेपणार नाही इतक्या जागांचा भार टाकलाय.

माझे यात एकदा जवळजवळ तीन आठवडे गेले होते. एका पेशीवंशात उत्तम बंद राहणारं प्लास्मिड मी दुसऱ्या वंशात हलवलं आणि जनुक सताड उघडं पडलं. मी ऑपरेटरचा क्रम पुन्हा वाचून घेतला, प्लास्मिड नव्याने बांधलं, आयपीटीजीचा अंश कुठून तरी येत असेल म्हणून काचेची सगळी भांडी बदलली. फरक होता तो पेशीवंशात. पहिल्यात लॅक-आय-क्यू हा उत्परिवर्तित प्रकार होता. या प्रकारात रिप्रेसरच्या स्वतःच्या जनुकाचा प्रमोटर सुधारलेला असतो, त्यामुळे रिप्रेसर साधारण दहापट बनतो. दुसऱ्या वंशात साधा प्रकार होता. डीएनएचा एकही बेस न बदलता नियंत्रण गेलं होतं, केवळ रेणूंची मोजदाद बदलल्यामुळे. तेव्हापासून पेशीवंशाचा जनुकप्रकार वाचल्याशिवाय मी कुठल्याही गळतीबद्दल मत देत नाही. तुम्ही प्रश्नात तुमचा पेशीवंश सांगितलेला नाही. तो आधी तपासा.

संख्या पुरेशी असली तरी दुसरी एक गोष्ट आड येते. लॅक ओपेरॉनमध्ये ऑपरेटर तीन आहेत. ओ-१ प्रमोटरला लागून, ओ-२ त्याच्या ४०१ बेसजोड्या पुढे, खुद्द लॅकझेड जनुकाच्या पोटात, आणि ओ-३ त्याच्या ९२ बेसजोड्या मागे. रिप्रेसर एका हाताने ओ-१ आणि दुसऱ्या हाताने बाकीच्या दोहोंपैकी एक धरतो, तेव्हा मधल्या डीएनएचा फास पडतो. १९६६ साली वॉल्टर गिल्बर्ट यांच्यासोबत लॅक रिप्रेसर पहिल्यांदा वेगळा काढणाऱ्या बेनो म्यूलर-हिल यांच्या गटाने १९९० मध्ये या ऑपरेटरांचा हिशेब मांडला. तिन्ही शाबूत असताना जनुक जवळपास १,३०० पट दाबलं जातं. ओ-२ आणि ओ-३ दोन्ही मोडले की ते दडपण १८ पटींवर येतं. प्लास्मिडवर आपण बहुतेकदा प्रमोटरचा आटोपशीर तुकडाच उचलतो. ओ-२ त्यात जवळजवळ नसतोच, ओ-३ही पुष्कळदा गळालेला असतो. म्हणजे वर्गात शिकलेलं घट्ट नियंत्रण ज्या रचनेमुळे होतं, तीच आपण कात्रीने कापून बाजूला ठेवलेली असते.

फासामुळे नेमकं काय साधतं, हे हार्वर्डमधल्या सनी झी यांच्या गटाने २००८ मध्ये एकेका पेशीत पाहून दाखवलं. रिप्रेसरचा एक हात सुटला तरी दुसऱ्या हाताने तो जवळच असतो आणि लगेच परत बसतो. तेवढ्या अवधीत प्रथिनाची एखादी छोटी झुळूक येऊन जाते. दोन्ही हात सुटून रिप्रेसर दूर गेला तर त्याला पुन्हा जागा शोधायला वेळ लागतो आणि त्या वेळात प्रथिनाचा मोठा लोंढा बाहेर पडतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना कुलूप-किल्लीच्या भाषेत विचार करू देत नाही. ऑपरेटर किती काळ झाकलेला राहतो, असं विचारायला लावते. दहा मिनिटांत साडेनऊ मिनिटं झाकलेला प्रमोटरही अर्धा मिनिट उघडा असतोच, आणि चांगल्या प्रमोटरला अर्धा मिनिट खूप होतो. आयपीटीजीचंही तसंच. त्याने रिप्रेसर डीएनए सोडून पळत नाही. ऑपरेटरची खास ओढ तेवढी जाते, आणि मग तो ४६ लाख बेसजोड्यांच्या साध्या डीएनएत कुठेही चिकटून वेळ काढतो.

आता ग्लुकोजकडे येऊ. मूळ लॅक प्रमोटर तसा दुबळा आहे. त्याचा -१० चा भाग, म्हणजे आरएनए सुरू होण्याच्या बिंदूमागे दहाएक बेसांवरचा तुकडा, टीएटीजीटीटी असा आहे, तर सिग्मा-७० ला (प्रमोटर ओळखणाऱ्या प्रथिनाला, ते पुढे येतंच) सर्वांत आवडणारा क्रम टीएटीएएटी. ही उणीव सीआरपी भरून काढतं. सायक्लिक एएमपी हा छोटा निरोप्या रेणू जोडलेलं सीआरपी सुरुवातीच्या बिंदूमागे ६१.५ या जागी बसतं आणि पॉलिमरेजच्या अल्फा उपघटकाचं टोक धरून त्याला प्रमोटरपाशी टिकवतं. ग्लुकोज असलं की सायक्लिक एएमपी घटतं, सीआरपीचा आधार जातो आणि पट्टा फिका होतो. रिप्रेसरची संख्या मात्र ग्लुकोजने वाढत नाही, म्हणून पट्टा पुरता जात नाही. तुमचं निरीक्षण या हिशेबाशी अगदी जुळतं. प्रमोटर यूव्ही-५ या उत्परिवर्तित प्रकारचा असेल तर त्याचा -१० आधीच टीएटीएएटी असतो. त्याला सीआरपीची फारशी गरज नसते, आणि मग ग्लुकोजचा परिणामही कमी दिसतो.

एक गोष्ट सहज नजरेआड होते. समृद्ध माध्यमातलं ट्रिप्टोन हे दुधातल्या केसीनपासून बनतं आणि त्यात कधीकधी लॅक्टोजचा अंश उरलेला असतो. रात्रभर वाढवलेल्या पेशी आधी सोपं अन्न संपवतात आणि मग तेवढ्याशा लॅक्टोजनेही जनुक जागं होतं. त्यामुळे तुमचा पट्टा रात्रभराच्या वाढीतला आहे की पेशी भराभर वाढत असतानाचा, यावर बरंच अवलंबून आहे.

उपाय काय करायचा, हे प्रथिन पेशीला बाधतं की नाही यावर ठरवा. बाधत नसेल तर थोड्या गळतीपायी प्लास्मिड नव्याने बांधू नका, त्यात वेळ घालवण्यासारखं काही नाही. बाधत असेल तर रिप्रेसरचं जनुक त्याच प्लास्मिडवर घ्या. मग प्रती वाढल्या तरी रिप्रेसरही त्या प्रमाणात वाढतो. कमी प्रतींचं प्लास्मिड वापरणं हा दुसरा चांगला मार्ग. टी-७ पद्धत, म्हणजे टी-७ विषाणूच्या पॉलिमरेजने जनुक चालवणं, वापरत असाल तर टी-७ लायसोझाइम थोडं बनत राहील असा पेशीवंश घ्या. हे प्रथिन टी-७ पॉलिमरेजलाच धरून ठेवतं, डीएनएशी त्याचं काही देणंघेणं नसतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा धागा इथेच सुरू होतो.

इ. कोलायचं आरएनए पॉलिमरेज म्हणजे दोन अल्फा, एक बीटा, एक बीटा-प्राइम आणि एक ओमेगा असं पाच घटकांचं गाभा-यंत्र. आरएनए बनवायला ते समर्थ आहे, पण कुठून सुरुवात करायची हे त्याला उमगत नाही. १९६९ मध्ये रिचर्ड बर्जेस, अँड्र्यू ट्रॅव्हर्स, जॉन डन आणि एकेहार्ड बाउट्झ यांना दिसलं की फॉस्फोसेल्युलोजच्या स्तंभातून काढलेलं पॉलिमरेज वासराच्या डीएनएवर छान चालतं, टी-४ विषाणूच्या डीएनएवर मात्र जेमतेम. स्तंभात जे वेगळं पडलं होतं ते परत मिसळलं की काम पूर्ववत. तो सिग्मा. साहाय्यक प्रथिनांच्या या सगळ्या कथेची सुरुवात मला तिथेच वाटते, कारण एका सुट्या होणाऱ्या प्रथिनाने यंत्राचा पत्ता ठरतो हे तेव्हा पहिल्यांदा हाती लागलं. इ. कोलायमध्ये असे सात सिग्मा आहेत. रोजच्या कामाला सिग्मा-७०, उष्णतेच्या धक्क्याला सिग्मा-३२, उपासमारीत सिग्मा-३८, कशाभिकेसाठी (पोहायच्या शेपटीसाठी) सिग्मा-२८, असे. गाभा-यंत्रांची संख्या मर्यादित, म्हणून सिग्मांमध्ये सतत चढाओढ असते. एकाचं पारडं जड झालं की बाकीच्यांची जनुकं कोणीही न दाबता मंदावतात. ‘कोणता रिप्रेसर बसला?’ असं शोधत राहणाऱ्याला याचं उत्तर कधीच सापडत नाही.

सिग्मालाही अडवून ठेवणारी प्रथिनं असतात, आणि त्यातलं एफएलजीएम शिकवताना मला दर वेळी तितकाच आनंद होतो. जिवाणू आपली कशाभिका आतून बाहेर बांधत जातो. आधी पेशीपडद्यातला पाया, मग वाकडा आकडा (हूक), मग लांब तंतू. तंतूचं प्रथिन हजारो प्रतींत लागतं. पाया तयार नसताना ते बनवणं म्हणजे निव्वळ नासाडी. म्हणून तंतूच्या जनुकाला लागणारा सिग्मा-२८ एफएलजीएमने जखडून ठेवलेला असतो. पाया आणि आकडा पुरे झाले की त्याच पोकळ नळीतून एफएलजीएम पेशीबाहेर फेकलं जातं. सिग्मा-२८ मोकळा होतो आणि तंतूचं जनुक सुरू होतं. नळी बांधून झाली आहे हा निरोप, नळीतून पहिली वस्तू बाहेर गेली यानेच मिळतो. यात डीएनएवर बसणारं कुठलंही प्रथिन बदललेलं नाही.

सिग्मासह पॉलिमरेज प्रमोटरवर पोहोचलं की आधी बंद संकुल बनतं, त्यात डीएनएच्या दोन्ही पट्ट्या मिटलेल्या असतात. मग १२-१४ बेसजोड्यांचा भाग उलगडून उघडं संकुल तयार होतं. त्यानंतरही पॉलिमरेज लगेच निघत नाही. आरएनएचे दोन-चार ते दहाएक अक्षरांचे तुकडे बनवून टाकून देतं, आणि मग कधी तरी सिग्माची पकड सोडून पुढे सरकतं. यातल्या प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी बसलेलं आहे. लॅकवर सीआरपी मुख्यतः पहिल्या पायरीला, म्हणजे पॉलिमरेज येऊन टिकण्याला मदत करतं. लॅम्डा विषाणूचं सीआय प्रथिन पीआरएम या प्रमोटरवर दुसऱ्या पायरीला, बंदचं उघडं होण्याला, हात देतं. तेच सीआय, त्याच जागी बसून, शेजारच्या विरुद्ध दिशेच्या पीआर प्रमोटरची वाट अडवतं. मग सीआय रिप्रेसर की ॲक्टिव्हेटर? गॅलॅक्टोजच्या ओपेरॉनमध्ये सुरुवातीचे दोन बिंदू अवघ्या पाच बेसजोड्यांच्या अंतरावर आहेत. तिथे सीआरपी एकाला चालना देतं आणि दुसऱ्याला दाबतं. प्रथिन तेच, बसायची जागाही तीच, निराळी आहे ती पॉलिमरेजच्या तुलनेतली मांडणी.

मांडणीचं महत्त्व मला हाताने काम करताना पटलं. एका ॲक्टिव्हेटरच्या जागेमागे प्रमोटरच्या दिशेने आम्ही पाच बेसजोड्या घातल्या आणि त्याचा परिणाम जवळपास नाहीसा झाला. आणखी पाच घातल्या, एकूण दहा झाल्या, तेव्हा बराचसा परत आला. डीएनएचा पीळ साधारण साडेदहा बेसजोड्यांना एक फेरा पुरा करतो. पाचने प्रथिन पॉलिमरेजच्या उलट्या अंगाला गेलं होतं, दहाने पुन्हा त्याच अंगाला आलं. ओएनपीजीच्या (जनुक चालू असलं की पिवळं पडणाऱ्या रसायनाच्या) नळ्यांमधला पिवळा रंग जाऊन परत आलेला पाहिला, तेव्हा क्रम वाचण्याइतकंच अंतर मोजणं गरजेचं आहे हे माझ्या मनात कायमचं बसलं. पाऱ्याचा प्रतिकार चालवणारं मर्आर तर या पिळाशीच खेळतं. त्याच्या प्रमोटरमध्ये -३५ आणि -१० यांत नेहमीच्या १७ ऐवजी १९ बेसजोड्या आहेत, त्यामुळे दोन्ही भाग पॉलिमरेजला एकदम पकडता येत नाहीत. पारा येऊन जोडला गेला की मर्आर मधल्या डीएनएचा पीळ सैल करून दोन्ही भाग रांगेत आणतं.

आता तुम्हाला सर्वांत गोंधळात टाकणारा भाग. डीकेएसए डीएनएवर बसत नाही, मग ते काही जनुकांना दाबतं आणि काहींना चढवतं ते कसं? न्यूक्लिओटाइड ज्या फटीतून पॉलिमरेजच्या आत येतात, त्या दुय्यम वाहिनीत डीकेएसएचं टोक शिरतं. अमिनो आम्लांचा तुटवडा पडला की राइबोसोमवर (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर) रेल-ए नावाचं प्रथिन पीपीजीपीपी हा छोटा रेणू बनवतं. तो पॉलिमरेजवर, डीकेएसएच्या सांध्यापाशीही, जोडला जातो. दोघं मिळून उघडं संकुल डळमळीत करतात. हे सर्वच प्रमोटरवर होतं. पण बहुतेक प्रमोटरचं उघडं संकुल भक्कम असतं, त्याला या धक्क्याने फारसं काही होत नाही. राइबोसोमल आरएनएच्या प्रमोटरचं मुळातच क्षणभंगुर असतं, ते कोसळतं. जोमाने वाढणाऱ्या पेशीत आरएनएची निम्म्याहून अधिक निर्मिती राइबोसोमल आरएनएची असते, त्यामुळे ही बंद होणं म्हणजे पेशीने मोठा खर्च थांबवणं. निवड करण्याचं काम इथे प्रमोटरच्या ठेवणीने केलं, प्रथिनाने सगळ्यांना सारखाच धक्का दिला.

क्षयाच्या जिवाणूत याची आरशातली प्रतिमा सापडते. तिथे कार्डी हे प्रथिन उघड्या संकुलाला टेकू देतं, आणि त्याच्याविना तो जिवाणू जगत नाही. ज्या प्रमोटरचं संकुल दुबळं, त्यांचं काम टेकूने वाढतं. ज्यांचं आधीच भक्कम, त्यांच्यावर तोच टेकू ओझं होतो, कारण पॉलिमरेजला तिथून सुटून पुढे जाणं जड पडतं. म्हणून कार्डीला एका वाक्यात ‘ॲक्टिव्हेटर’ म्हटलं की निम्मी गोष्ट हरवते.

इथवरचं थोडक्यात: सिग्मा पत्ता ठरवतो, सिग्मा-विरोधी प्रथिनं त्या सिग्माला वेळ येईपर्यंत थोपवतात, सीआरपी-सीआय-मर्आरसारखी प्रथिनं विशिष्ट जागी बसून एखादी पायरी सोपी किंवा अवघड करतात, आणि डीकेएसए-कार्डी पॉलिमरेजलाच धरून सगळीकडे एकच बदल करतात, ज्याचा परिणाम प्रमोटरगणिक निराळा दिसतो. तुमच्या यादीतलं एच-एनएस यांहून वेगळं आहे. ए-टी जास्त असलेल्या डीएनएवर ते लांबलचक पसरतं आणि बाहेरून आलेली जनुकं दाबून ठेवतं. तुमचं जनुक तसं असेल तर विचारात घ्या, एरवी या प्रश्नात ते बाजूला ठेवा.

उरली नसजी आणि रो. यांचं काम पॉलिमरेज निघाल्यानंतरचं. इ. कोलायमध्ये पॉलिमरेज सेकंदाला ४०-५० अक्षरं लिहितं, पण एकसारखं नाही, मध्येमध्ये थबकतं. नसए हे थबकणं लांबवतं, नसजी कमी करतं. नसजीचं एक टोक पॉलिमरेजला धरून असतं आणि दुसरं मोकळं. मागोमाग राइबोसोम येत असेल तर ते मोकळं टोक राइबोसोमच्या एस-१० प्रथिनाला जोडलं जातं. राइबोसोम नसेल तर तेच टोक रोला जोडलं जातं, आणि सहा घटकांचं रो आरएनएवरून धावत येऊन ट्रान्सक्रिप्शन तोडतं. एका वेळी एकच जोडणी शक्य असल्यामुळे पेशीला फुकटची तपासणी मिळते: ज्या आरएनएचं प्रथिनात रूपांतर होत नाही, तो लिहीत बसायचं नाही. नसजीचाच भाऊबंद आरएफएएच डीएनएवरच्या एका छोट्या खुणेपाशी थबकलेल्या पॉलिमरेजवर चढतो. चढताना त्याच्या एका टोकाची घडी मोडून अल्फा-सर्पिलाची बीटा-पिंप अशी पार नवी घडी पडते, आणि मग तो राइबोसोमला बोलावतो. एकाच साखळीच्या दोन घड्या आणि दोन कामं! मला हे वाचून कित्येक दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. तुमच्या कामाशी याचा संबंध असा: जनुकाच्या सुरुवातीलाच राइबोसोम अडखळत असेल, तर प्रमोटर जोरात असूनही रो मध्येच तोडेल आणि दोष प्रमोटरवर येईल.

हे सगळं इ. कोलाय धरून सांगितलं. तुमचा जिवाणू दुसरा असेल तर पुष्कळ बदलतं. बॅसिलस सबटिलिसमध्ये ग्लुकोजचा निरोप सायक्लिक एएमपीने जात नाही, सीसीपीए हे प्रथिन ते काम पाहतं. तिथे पीपीजीपीपी पॉलिमरेजला न धरता जीटीपीचा साठा घटवून परिणाम करतं. पॉलिमरेज राइबोसोमला मागे टाकून पुढे पळतं. नसजी तर उलट थबकणं वाढवतं. नाव सारखं म्हणून काम सारखं असेल असं गृहीत धरू नका.

पुढे कधी एखाद्या प्रथिनाचा परिणाम तपासाल तेव्हा त्याचं जनुक काढून टाकण्यावरच थांबू नका. सीआरपी काढलं तर शेकडो जनुकं बदलतात, वाढीचा वेगही बदलतो, आणि तुमच्या जनुकावरचा परिणाम थेट की आडून हे कळायला मार्ग राहत नाही. बसायच्या जागेतले दोन-तीन बेस बदला आणि प्रथिन तसंच ठेवा. दोन्ही प्रयोगांत सारखाच फरक दिसला तरच थेट म्हणा. जेलमध्ये प्रथिनाने डीएनए अडवून धरला, हा पुरावाही अपुरा आहे. भरपूर प्रथिन घातलं तर ते कुठल्याही डीएनएला चिकटतं, म्हणून बिनकामाचा डीएनए भरपूर मिसळून मगच पाहा. शक्य असेल तर शुद्ध पॉलिमरेज, शुद्ध डीएनए आणि ते एक प्रथिन एवढंच नळीत घेऊन आरएनए मोजा. पायरी कोणती हे त्याहून स्वच्छ दुसऱ्या कशाने कळत नाही.

तुमच्या पट्ट्यासाठी मी या क्रमाने जाईन. तेच प्लास्मिड लॅक-आय-क्यू असलेल्या पेशीवंशात घाला. पट्टा एकदम पडला तर गळती संख्येमुळे होती. तो फारसा पडला नाही तर एकाच वाढीतून दोन नमुने घ्या, एक पेशी भराभर वाढत असताना आणि एक रात्रभरानंतर. पट्टा दुसऱ्यातच दिसला तर माध्यमातल्या लॅक्टोजवर संशय घ्या आणि ट्रिप्टोन नसलेल्या माध्यमात पुन्हा पाहा. दोन्हींत सारखाच दिसला तर लॅक प्रमोटर कापून काढलेलं प्लास्मिड बांधा. त्यातही पट्टा राहिला, तर आरएनए तुमच्या प्रमोटरपासून सुरूच होत नाहीये. प्लास्मिडवरच्या दुसऱ्या एखाद्या प्रमोटरवरून, बहुधा प्रतिजैविक-प्रतिकाराच्या जनुकाच्या, पॉलिमरेज वाहत तुमच्या जनुकात शिरतंय. अशा वेळी लॅक प्रमोटरच्या आधी एक दमदार टर्मिनेटर (पॉलिमरेजला थांबवणारा क्रम) बसवा.